यादीतला पहिला आणि शेवटचा नंबर

माझ्या प्रत्येक यादीत पहिला नंबर माझा असतो आणि शेवटचाही माझाच. मधे चारशे माणसं असोत की चार हजार. पहिल्या ओळीत माझ्या नावापुढे रक्कम १११ रुपये आणि शेवटच्या ओळीत ७ रुपये. आधी फक्त पहिली ओळ सोडते. टेबलावरचा फोन वाजतो. तो संदेश मी परक्याचा असल्यासारखा वाचते. नाव बरोबर आलंय, रक्कम १११ आहे, तारीख आणि वार जुळतायत, असं पाहिलं की मगच बाकीची यादी सुटते. शेवटी ७ रुपयांचा संदेश आला की दिवसाचं काम संपलं. ही रीत मला कुणी शिकवली नाही. एका शाळेच्या दारात पायरीवर बसलेली एक बाई बघितली, त्या दिवसापासून ही सवय लागली.

तासगावात बाजार समितीच्या रस्त्याला माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान. टायपिंगच्या मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांच्या परीक्षा पास झाले आणि २००७ साली एक जुना संगणक, एक प्रिंटर घेऊन बसले. लग्नपत्रिका, अर्ज, बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची बिलबुकं, द्राक्षाच्या पेट्यांवरची लेबलं अशी कामं. पुढच्या वर्षी एका दूध संस्थेचे सचिव आले. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल खात्यावर जमा व्हायचं आणि लोक तीन-तीन हेलपाटे घालायचे, जमा झालं का, जमा झालं का. सचिव म्हणाले, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरवरनं सगळ्यांना मेसेज सोडता येतोय म्हणं. प्रत्येकाला त्याचा त्याचा आकडा जायला पायजे."

मला येत नव्हतं. तरी हो म्हटलं आणि शिकले. सुरुवात नोकियाच्या फोनला डेटा केबल जोडून केली. पंचवीस-तीस संदेशांनंतर फोन अडकायचा. मग सांगलीहून जीएसएम मोडेम आणला. तळहातावर मावेल एवढा पत्र्याचा डबा, आत सिमकार्ड, मागे बोटभर अँटेना, आणि संगणकाच्या सिरीयल पोर्टला जाणारी वायर. एक्सेलच्या तक्त्यात एका रकान्यात नाव, दुसऱ्यात नंबर, तिसऱ्यात रक्कम. संदेशाचा मजकूर एकदाच लिहायचा आणि नाव-रकमेच्या जागा रिकाम्या ठेवायच्या. प्रोग्राम एकेक ओळ उचलतो, रिकाम्या जागा भरतो, मोडेमला देतो, मोडेम 'गेला' म्हणून सांगतो, की पुढची ओळ. एका संदेशाला पाच-सहा सेकंद. चारशे सभासदांना चाळीस मिनिटं.

ती चाळीस मिनिटं सलग मिळणं हीच मोठी अडचण होती. भारनियमनाचे दिवस. दोनशे संदेश गेले की लाईट जायची आणि यूपीएस दहा मिनिटांत मान टाकायचा. लाईट आल्यावर कुठपर्यंत पोचलो होतो ते कळायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून सोडलं तर दोनशे जणांना एकच बिल दोनदा. एकदा तसं झालं आणि दुसऱ्या दिवशी चार-पाच जण दुप्पट पैसे काढायला शाखेत गेले. तेव्हापासून प्रत्येक ओळीपुढे 'गेला' अशी खूण आपोआप पडून फाईल जतन झाल्याशिवाय पुढची ओळ उचलायचीच नाही, अशी व्यवस्था एका मुलाकडून लिहून घेतली.

पहिलं बिल सुटलं त्या संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "ह्यात माझं नाव हाय. बँकेतला साहेबसुदिक मला नावानं वळखत न्हाई." त्यांच्या फोनची मेमरी भरली होती. त्या साध्या फोनमध्ये ठराविकच संदेश मावायचे. ते भरले की वर पाकिटाचं चिन्ह लुकलुकत राहायचं आणि नवा संदेश आत यायचा नाही. मी मोबाइल कंपनीचे संदेश एकेक करून पुसून दिले. हा मात्र ठेवा म्हणाले. पुढे कितीतरी लोक नुसते जुने संदेश पुसून घ्यायला यायचे. त्याचे पैसे मी कधी घेतले नाहीत, कारण पाकीट लुकलुकत राहिलं तर माझाच संदेश बाहेर ताटकळणार होता.

तेव्हा माझ्या मोडेममधल्या सिमचा साधा दहा आकडी नंबर लोकांना दिसायचा. त्यांनी तो 'डेअरी' नावानं जतन केला होता, आणि ते उत्तरं द्यायचे. मी हे गृहीतच धरलं नव्हतं. रात्री मोडेम उघडला की आत उत्तरं साचलेली असायची. 'बर'. 'मिळाले'. 'ताई फॅट कमी लागलीय'. 'गाय गेली, म्हणून दूध नाही'. हे सगळं रोमन लिपीत, कुठं तरी शाळकरी नातवाकडून टाईप करून घेतलेलं. मी ते कागदावर उतरवून सचिवांना द्यायची. गाय गेलेल्या घरी सचिव स्वतः जाऊन आले. नंतर नियम बदलले, नंबराच्या जागी सहा अक्षरांची ओळख आली आणि उत्तराची सोय बंद झाली. या व्यवसायात मी जे गमावलं त्यात हे सगळ्यात मोठं, असं मला आजही वाटतं.

आता शाळेची गोष्ट. सातारा रस्त्याकडच्या एका शाळेचं गैरहजेरीच्या संदेशांचं काम माझ्याकडे होतं. रोज साडेदहाला शिपाई यादी घेऊन यायचा, मी गैरहजर मुलांपुढे खूण करायची, अकराच्या आत पालकांना संदेश. डिसेंबरचे दिवस होते. त्या दिवशी घाई होती. गैरहजर मुलं वर यावीत म्हणून मी खुणेच्या रकान्याची क्रमवारी लावली. एक्सेलनं विचारलं, शेजारचे रकानेही सोबत हलवू का? मी न वाचता 'फक्त हा रकाना' यावर बटण दाबलं. नावं आणि नंबर जागच्या जागी राहिले, खुणा तेवढ्या सरकून वर गेल्या. यादीच्या सुरुवातीला पाचवी 'अ' होती. वर्गात बसलेल्या अडतीस मुलांच्या घरी निरोप गेला की तुमचा पाल्य आज शाळेत आलेला नाही. प्रत्येक संदेशात मुलाचं नाव बरोबर होतं, पालकाचा नंबर बरोबर होता. म्हणूनच तो खरा वाटला.

वीस मिनिटांत शाळेचा फोन आला. मी धावत गेले. फाटकात दहा-बारा पालक होते. एक आई द्राक्षबागेतून आली होती, घड औषधात बुडवण्याचं, डिपिंगचं काम सोडून, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून. हातांवर औषधाचं पाणी वाळलेलं. तिची मुलगी वर्गातून बाहेर आली तशी ती फाटकाच्या पायरीवर खाली बसली, आणि बराच वेळ बोललीच नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तुमचं बटण चुकलं. माझा जीव गेला हुता."

तिची अर्ध्या दिवसाची हजेरी बुडाली होती. ती मी द्यायला गेले तर तिनं घेतली नाही. शाळेनं काम काढून घेतलं नाही, हे त्यांचं मोठेपण. मी मात्र आठवडाभर दुकान उघडूनही मोडेमला हात लावला नाही. त्या आठवड्यात डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझ्या पडद्यावर ती अडतीस ओळींची यादी होती. तिच्या हातात एकच संदेश होता. मी ढिगानं पाठवते, पण ढीग कुणालाच मिळत नाही. मिळतो तो एकाला एक, आणि ज्याला मिळतो तो आपल्या एकट्यासाठी आलाय असंच समजून वाचतो. मग मी १११ आणि ७ या आकड्यांची रीत बसवली. कुठलाही रकाना एकटा सरकला, चढता किंवा उतरता, तर माझं नाव, माझा नंबर आणि १११ पहिल्या ओळीत एकत्र राहत नाहीत. हा उपाय साधा आहे, पण त्यानंतर रकाना सरकून चूक झाली नाही.

दुसरी चूक यंत्राची नव्हती आणि बटणाचीही नव्हती. एका पतसंस्थेनं थकबाकीचे संदेश पाठवायला सांगितले. नाव, थकलेली रक्कम, किती हप्ते थकले आणि भरण्याची शेवटची तारीख. मी बिनदिक्कत सोडले. तीन दिवसांनी एक बागायतदार आले. पन्नाशीचे, स्वच्छ धोतर-टोपी. खुर्चीवर बसले, पाणी प्याले, आणि शांतपणे विचारलं, "ताई, हा मेसेज तुम्हीच धाडला न्हवं?" कर्ज घेताना त्यांच्याकडे फोन नव्हता. अर्जावर त्यांनी पुतण्याचा नंबर दिला होता. मधल्या काळात पुतण्याशी बांधावरून वाद झाला, बोलणं बंद झालं. माझा संदेश पुतण्याच्या खिशात गेला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला त्यांच्या कर्जाचा आकडा पाठ झाला. ते रागावले नाहीत. "पैसं मी भरणारच हुतो," एवढंच म्हणाले आणि उठले.

त्या काळी आमच्याकडे फोन माणसाचा नसायचा, घराचा असायचा. सासऱ्यांचा संदेश सून वाचून दाखवायची. बापाच्या नावावरचा नंबर पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या खिशात असायचा. पाच दूध उत्पादकांच्या नावापुढे एकाच शेजाऱ्याचा नंबर असायचा. कागदावर ज्याला आम्ही व्यक्तिगत संदेश म्हणत होतो, तो गावात चावडीवर वाचल्यासारखा होता. मी पतसंस्थेला सांगितलं, यापुढे रक्कम आणि थकबाकी हा शब्द दोन्ही लिहिणार नाही. 'आपल्या खात्याबाबत शाखेत भेटावे' एवढंच. व्यवस्थापकांना पटलं नाही, असल्या संदेशानं वसुली होत नाही म्हणाले. काम दुसरीकडे गेलं. तो निर्णय बरोबर होता, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

पण सगळेच निर्णय बरोबर होते असं नाही, आणि हे लिहायचं ठरवलं तेव्हा पुढची गोष्टही लिहायची असं ठरवलं होतं. एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका उमेदवाराची माणसं आली. त्यांना गावातल्या लोकांना नावानिशी संदेश हवे होते. याद्या माझ्याकडे होत्याच. मी दूध संस्थेची यादी वापरली. दोन हजार रुपये मिळाले. चौथ्या दिवशी सचिव दुकानात आले आणि त्यांनी आईचा फोन माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या आईच्या नावात आमच्या यादीत एक अक्षर चुकून जास्त पडलं होतं. दर दहा दिवसांनी तीच चूक घेऊन बिल जायचं आणि दुरुस्त करू म्हणता म्हणता राहून गेलं होतं. उमेदवाराच्या संदेशातही नेमकं तेच अक्षर जास्त होतं. सचिव एवढंच म्हणाले, "आमची यादी तुमच्याकडं ठेवायला दिली हुती." मी नाही म्हणू शकले नाही. दोन हजार रुपये उमेदवाराला परत केले, पण संदेश परत घेता येत नव्हते. त्या दिवशी प्रत्येक संस्थेच्या फाईलला स्वतंत्र पासवर्ड घातला आणि पुढच्या प्रत्येक निवडणुकीत, कुठल्याही पक्षाच्या माणसाला, नकार दिला. सचिवांनी काम चालू ठेवलं. माझ्याकडे पूर्वीसारखं बघायला त्यांना दोन वर्षं लागली.

भाषेबद्दल लिहायला हवं, कारण माझा निम्मा वेळ तिच्यातच गेला. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत लिहिलं तर ७०. दोन्हींना जागा तेवढीच, १४० बाइट, पण आपल्या एका अक्षराला दोन बाइट लागतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांची जागा वेगळी मोजली जाते. 'श्री' हे डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण ते चार जागा घेतं. मजकूर सत्तरच्या वर गेला की तुकडे पडतात आणि जोडणीची खूण ठेवायला प्रत्येक तुकड्यातल्या तीन जागा जातात. उरतात ६७. पैसे दर तुकड्याला. ही १६० ची मर्यादा कुठून आली ते मी पुढे वाचलं. १९८५ साली जर्मनीत फ्रिडहेल्म हिलेब्रांट या अभियंत्यानं टाईपरायटरवर मनात येतील ती वाक्यं आणि प्रश्न टाईप करून अक्षरं मोजली. बहुतेक सगळं १६० च्या आत मावलं, म्हणून तो आकडा ठरला. टाईपरायटरवर बोटं झिजवलेल्या मला हे वाचून आनंद झाला, आणि वाईटही वाटलं, की त्या यंत्रावर काना-मात्रा नव्हते. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या २२ वर्षांच्या तरुणानं जगातला पहिला एसएमएस पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा, तो फोनवरून नव्हे तर संगणकावरून. फोनवर टाईप करून पाठवणं नंतर आलं. लोक मला विचारायचे, फोनचं काम कॉम्प्युटरवर कशाला? त्यांना मी हे सांगायची.

पहिली काही वर्षं रोमन लिपीतलं मराठीच पाठवावं लागायचं, कारण बऱ्याच हँडसेटवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. रोमनमध्ये 'ट' आणि 'त' एकच, 'ड' आणि 'द' एकच, 'ळ' आणि 'ल' एकच. पाटाला पाणी सोडल्याचा निरोप कुणी भलताच वाचला. एकदा मी लिहिलं, 'सभा १० ला आहे.' मला सकाळचे दहा म्हणायचं होतं, बारा तारखेचे. निम्मे सभासद दहा तारखेला संस्थेच्या दारात येऊन उभे राहिले. तेव्हापासून तारीख, वार आणि 'सकाळी' किंवा 'संध्याकाळी' या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय माझ्याकडून एकही निरोप गेला नाही, मग एक तुकडा जास्त लागला तरी चालेल. उलट जिथे जागा वाया जायची तिथे मी कठोर झाले. 'आपणांस कळविण्यात येते की' हे काढलं. 'तरी सर्वांनी उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी' हे काढलं. 'खरड छाटणीनंतरची पहिली फवारणी' सारखे बागायतदारांचे शब्द मात्र जसेच्या तसे ठेवले, कारण ते बदलले की लोक परत फोन करून विचारतात. सत्तर जागांनी मला जेवढं मराठी लिहायला शिकवलं तेवढं शाळेनं शिकवलं नाही.

एक बारीकशी गोष्ट नव्या लोकांसाठी सांगून ठेवते. इंग्रजी मजकूर वर्डमधून उचलून टाकू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्ह वाकवून ठेवतं, आणि त्या एका चिन्हामुळे सगळा संदेश १६० च्या हिशेबातून ७० च्या हिशेबात जातो. दीडशे अक्षरांचा संदेश होता, एक तुकडा धरून मी दर सांगितला, बिल तीन तुकड्यांचं आलं. रुपयाचं नवं चिन्ह आल्यावर तेच. इंग्रजी मजकुरात मी आजही 'Rs.' लिहिते.

नियमांबद्दल आमच्या धंद्यातले लोक कडवट बोलतात. मी तसं बोलणार नाही. २७ सप्टेंबर २०११ पासून दूरसंचार नियामक ट्रायनं एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली, पुढच्या काही आठवड्यांत ती २०० केली. माझा मोडेमचा धंदा एका दिवसात बसला. तेव्हा मी रागावले होते. पण त्याच दिवाळीत एका साडीच्या दुकानासाठी मी सेलचे संदेश सोडले होते, आणि त्या यादीतल्या कितीतरी लोकांनी संदेश नकोत म्हणून रीतसर नोंदणी केलेली होती. मी ते तपासलं नव्हतं. कुणीतरी १९०९ या तक्रारीच्या नंबरावर तक्रार केली, नोटीस आली, सिम बंद झालं. तेच सिम, लोकांनी 'डेअरी' म्हणून जतन केलेलं. तक्रार करणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचा फोन, त्याची दुपारची झोप. त्यानंतर मी नोंदणीकृत कंपनीमार्फत काम सुरू केलं आणि जाहिरातीचं काम कायमचं सोडलं. बिल, सभा, पाणी, शाळा, दवाखान्याची वेळ, निधनाची वार्ता. एवढंच घ्यायचं ठरलं. मिळकत निम्म्यावर आली.

ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्येकडची माणसं बंगळुरू, पुणे सोडून गाड्या भरभरून निघाली आणि १७ तारखेला सरकारनं पंधरा दिवस घाऊक संदेशांवर बंदी घातली. एका सिमवरून दिवसाला फक्त पाच. त्या दिवसांत मी एकही संदेश सोडला नाही. सचिवांनी संस्थेच्या भिंतीवरचा फळा पुसला आणि खडूनं बिलं लिहिली. टीव्हीवर रेल्वेस्टेशनची गर्दी बघताना मला शाळेची पायरी आठवत होती. अडतीस खोट्या निरोपांनी काय होतं ते मी पाहिलं होतं. इथे ते कितीतरी जास्त लोकांना गेले होते, आणि कुणी मुद्दाम पाठवले होते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराबद्दल मला जास्त सांगायचं आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. आमचं तासगाव उंचावर, पण माझ्याकडे कृष्णाकाठच्या एका गावातल्या दूध संस्थेचं काम होतं. गावाला वेढा पडला. संस्थेचे अध्यक्ष नातेवाइकांकडे तासगावात आले होते. सकाळी सातला ते दुकानात आले. चारा कुठे मिळेल, जनावरांसाठी छावणी कुठे आहे, कुठला रस्ता चालू आहे, हे सभासदांना कळवायचं होतं. देवनागरीत तीन तुकड्यांचा संदेश झाला. सगळे तुकडे ठेवले, एक शब्द कमी केला नाही. तीनशेच्या वर नंबर होते.

संदेश सोडल्यावर पडद्यावर प्रत्येक नंबरापुढे पोच दिसते. संदेश फोनपर्यंत पोचला, की तसा शब्द उमटतो. फोन बंद असेल किंवा टॉवर बंद असेल तर 'प्रलंबित'. त्या सकाळी साठ-सत्तर पोचले आणि बाकीचे सगळे प्रलंबित. गावातली वीज गेली होती, टॉवर पाण्यात होता, फोन चार्ज करायला जागा नव्हती. अध्यक्ष खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. मी दर थोड्या वेळानं पान ताजं करत होते. दुपारी एक नंबर प्रलंबितवरून पोचलावर आला. अध्यक्ष म्हणाले, "हा वरच्या आळीतला. म्हणजे निघाला बाहेर." मग आणखी एक. मग तासाभरात काही नाही. संध्याकाळी एकदम अकरा. बहुतेक एखादी बस छावणीत पोचली असावी आणि कुणीतरी फोन चार्जिंगला लावले असावेत. आम्ही कागदावर नावं लिहू लागलो. त्यांच्या घरातली माणसं, जनावरं, आळी हे अध्यक्षांना पाठ होतं. रात्री दहाला ते गेले, सकाळी पुन्हा आले. दुसऱ्या दिवशी जुन्या संदेशांची मुदत संपायला लागली तशी आम्ही तोच मजकूर नवी तारीख घालून पुन्हा सोडला. मुदत संपली तर पोचही येणार नव्हती, आणि आम्हाला त्या वेळी संदेशापेक्षा पोच हवी होती.

पाणी उतरल्यावर आमच्या कागदावर नऊ नावं उरली होती. अध्यक्षांनी घरोघर जाऊन बघितलं. सगळी माणसं सुखरूप होती, फोन तेवढे पाण्यात गेले होते.

इतकी वर्षं मी पोच हा कंपनीशी बिलाचा हिशेब करण्याचा रकाना समजत होते.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं बरंच काम नेलं, ते तसं होणारच होतं. पण बिलाचा आकडा ग्रुपवर टाकता येत नाही, आणि बटणांचा फोन वापरणारी माणसं अजून आहेत, म्हणून माझं दुकान चालू राहिलं. मार्च २०२१ मध्ये नवी यंत्रणा आली. प्रत्येक मजकुराचा नमुना आधी नोंदवायचा, सोडलेला संदेश त्याच्याशी तंतोतंत जुळला नाही तर तो जात नाही. ८ मार्चला ती सुरू झाली त्या दिवशी देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. माझा दूध बिलाचा नमुना एका जादा मोकळ्या जागेमुळे अडकला होता. तेव्हा नमुन्यातल्या रिकाम्या जागेत तीसच अक्षरं बसायची. आपली नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तिहेरी नावं त्यात बऱ्याचदा मावायची नाहीत. मी वडिलांचं नाव काढलं नाही. नावासाठी दोन रिकाम्या जागा मागून घेतल्या, कारण आमच्या गावांत एकाच नाव-आडनावाची चार माणसं असतात आणि वडिलांच्या नावाशिवाय निरोप कुणाचा ते कळत नाही.

आता याद्या मी दर वर्षी मे महिन्यात, कामं सैल असतात तेव्हा, हातानं तपासते. एक मुलगी मदतीला घेते आणि आम्ही एकेक नंबर लावतो. तुम्ही अमुकच का, हा फोन तुमच्याचकडे असतो का, तुमचा निरोप दुसऱ्या कुणी वाचला तर चालेल का, एवढे तीन प्रश्न. चारशेतले तीस-चाळीस दर वर्षी बदललेले निघतात. कुणी वारलेलं असतं, कुणाचा नंबर परक्या माणसाला गेलेला असतो.

तुमच्यापैकी कुणाकडे एखाद्या संस्थेची, सोसायटीची, शाळेची, मंडळाची नंबरांची यादी असेल. पुढचा संदेश सोडण्याआधी तिच्यातले कुठलेही दहा नंबर लावून बघा, आणि उचलणारा माणूस तोच आहे का, एवढं विचारा.